वहिनीची चादर

आमच्या घरात टेबल एकच होतं, आणि ते दादाचं कापड बेतायचं. दादा शिंपी. पुढच्या खोलीत त्याची दोन मशीनं, मागच्या खोलीत आमचा संसार, आणि दोन्ही खोल्यांच्या मधल्या जागेत ते टेबल. दिवसभर त्यावर कोट-पाटलोणींचं कापड पसरलेलं असायचं. संध्याकाळी दादा खडूची भुकटी झटकायचा, वर मेणकापड टाकायचा, आणि आम्ही त्यावरच जेवायला बसायचो. भातात दोरा निघणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट.

वहिनी लग्न होऊन आली आणि पहिल्याच जेवणात तिच्या घासात गुंडी निघाली. शर्टाची, चार भोकांची. माझा घास तोंडातच राहिला. आता नवी नवरी काय म्हणते? वहिनीनं गुंडी ताटाच्या कडेला ठेवली आणि दादाला विचारलं, "याचे पैसे वेगळे लावणार, की शिलाईत धरलेत?"

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. आई गेल्यापासून त्या घरात कुणी असं खळखळून हसलं नव्हतं. मी तेव्हा शाळेत होतो. वहिनी मला पहिल्या दिवसापासून "भाऊजी, तुम्ही" म्हणायची, अगदी माझ्या चड्डीला ठिगळ असताना. आणि मी तिला बिनदिक्कत "वहिनी, तू". आजही तसंच आहे.

वहिनी हिशेबात हुशार. आधी एका ठोक व्यापाऱ्याकडे होती, मग परीक्षा देऊन त्या मोठ्या संस्थेत लागली. संस्था म्हणजे अणूच्या कारभारावर नजर ठेवणारी, साऱ्या जगाची मिळून. ज्या देशात अणुभट्टी आहे तिथे यांची माणसं जाणार आणि बघणार, की विजेसाठी आणलेला माल विजेलाच लागतोय ना, गुपचूप बॉम्बकडे वळत नाही ना. संस्थेचा खर्च सगळ्या सभासद देशांनी वर्गणी काढून भागवायचा. त्या वर्गणीतून कुठल्या कामाला किती द्यायचं याचा दोन-दोन वर्षांचा अंदाज बांधणाऱ्या विभागात वहिनीची खुर्ची होती.

गल्लीत लोक मला विचारायचे, "काय रे, तुझी वहिनी बॉम्ब मोजते म्हणे?" मी म्हणायचो, "बॉम्ब नाही हो, बॉम्ब मोजणाऱ्यांच्या चहाचे कप मोजते." त्यात अगदीच खोटं काही नव्हतं.

या देशांची एक गंमत होती, ती वहिनीला पहिल्याच वर्षी कळली. सगळे म्हणणार, काम वाढवा. जास्त भट्ट्या बघा, जास्त खोल बघा. आणि तेच सगळे मान हलवत म्हणणार, वर्गणी मात्र एका पैशानं वाढवायची नाही. मग वाढलेलं काम आणि न वाढलेला पैसा यांची सांगड घालायला दर वेळी कुठेतरी कात्री चालायची. ती चालवायचं काम वहिनीकडे आलं, आणि त्या इमारतीत तिचं नावच 'कात्री' पडलं. लिफ्टमध्ये ती शिरली की लोक बोलता बोलता गप्प व्हायचे.

"मला बघून पोट आत घेतात हो," ती घरी येऊन सांगायची. "जशी काय मी मापच घ्यायला आलेय."

अंदाजपत्रक तेव्हा जाडजूड पुस्तकाच्या रूपात यायचं. ज्याचं खातं त्याचं पान. कापायचं असलं की साहेब पान उघडणार, तिथलं कापणार, पान मिटणार. मागच्या पानाचं पुढच्या पानाशी काय नातं, कुणी बघायचं नाही. एकदा वहिनी घरी ते पुस्तक घेऊन वैतागून बसली होती. दादा तिच्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "अगं, घडी घातलेलं कापड तू घडीतच कापतेस होय? आधी अंथर तरी."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि मग पुस्तकाची पानं सुटी करून कडेला कड लावून चिकटवायला बसली. मी खळ करून दिली. टेबल पुरेना, तेव्हा एक टोक मशीनवर सोडलं. सगळी संस्था एका कागदावर आली. निरीक्षकांचा प्रवास, प्रयोगशाळा, दुभाषे, दिवाबत्ती, सगळं शेजारीशेजारी. दादानं सवयीनं कडेवरून तळवा फिरवला. "हां," म्हणाला, "आता उभं-आडवं दिसतंय."

पुढच्या खेपेपासून तो लांबलचक कागद घड्या घालून अंदाजपत्रकाच्या मागे जोडला जाऊ लागला. देशोदेशीचे प्रतिनिधी तो उलगडायचे आणि शेजाऱ्याच्या नाकात कोपर मारायचे. त्याला सगळे 'चादर' म्हणायला लागले. वहिनीला राग नव्हता. "चादरच आहे," म्हणायची. "एकानं ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे पडतात, ते दिसलं पाहिजे."

तिची आणखी एक पद्धत होती. कुठल्याही खात्याला कात्री लावायच्या आधी ती त्या खात्यात जाऊन एक दिवस नुसती बसायची. स्वयंपाकघरात बसली, गाड्यांच्या शेडमध्ये बसली. बसून आल्यावर कधी कापायची, कधी नाही. पण न बसता कधी कापलं नाही.

माझी नोकरीही तिनंच शोधली. मी रेडिओ दुरुस्त करायचो, गिऱ्हाईक जेमतेम. एक दिवस आली आणि म्हणाली, "भाऊजी, तुमच्या बडबडीला कुणी पगार देणार नाही. पण आमच्याकडे दुसऱ्यांची बडबड चालू-बंद करायची जागा निघालीय. येता?"

तेव्हापासून मी त्या संस्थेच्या मोठ्या सभागृहात काचेच्या खोलीत बसतो. अध्यक्षांनी ज्याचं नाव घेतलं त्याच्या माइकचं बटण दाबायचं. तिकडे लाल दिवा लागतो, इकडे माझ्या कानातल्या यंत्रात त्याचा आवाज येतो. जग कसं चालतं ते मला कळतं असं मी म्हणणार नाही, पण बोलायच्या आधी कोण कसा श्वास घेतो ते मला पाठ आहे.

आता भिंगमावशीबद्दल सांगायला हवं. इमारतीच्या तळघरात बोळाच्या शेवटी एक खोली होती. आत तीन टेबलं, तीन दिवे, तीन भिंगं, आणि तीन माणसं. त्यांतली म्हातारी म्हणजे भिंगमावशी. एका डोळ्याभोवती भिंगाचा वळ कायमचा उमटलेला. त्या खोलीत सीलं तपासायचे. सील म्हणजे कोटाच्या गुंडीएवढी धातूची डबी, दोन झाकणांची. निरीक्षक भट्टीवर जातो, इंधनाच्या पेटीच्या कडीत तार घालतो, तारेची टोकं डबीत घालून झाकण दाबतो. डबी एकदा बसली की मोडल्याशिवाय उघडत नाही. पुढच्या खेपेला ती काढून परत आणायची आणि मावशीपुढे ठेवायची. बाहेर जाण्यापूर्वी डबीच्या आतल्या बाजूला मावशीनं ओरखडे काढून त्यांचा फोटो ठेवलेला असायचा. परत आलेले ओरखडे फोटोशी जुळले तर डबी तीच, म्हणजे मधल्या काळात पेटी कुणी उघडली नाही. कुणी डबी मोडून तशीच दुसरी बसवली असली तर ओरखडे जुळणार नाहीत. दोन हातांचे ओरखडे कधी सारखे येत नाहीत.

वहिनी तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा मावशीनं भिंगातून मान वर न काढता विचारलं, "बसायला आलीस की कापायला?"

"आधी बसायला."

"मग त्या स्टुलावर बैस. चहा किटलीत आहे. टेबलाला धक्का लावू नकोस."

वहिनी दिवसभर बसली. मावशी एकेक डबी उघडायची, फोटो बघायची, भिंग लावायची, आणि जुळलं की पुटपुटायची, "बरं झालं." प्रत्येक डबीला. वहिनीला वाटलं, म्हातारपणाची सवय असेल. निघताना तिनं विचारलंच, "हे तुम्ही कुणाला म्हणता?"

"जिथून ही डबी आलीय तिथे कुणीतरी पहाऱ्याला असतो ना," मावशी म्हणाली, "त्यानं हिला हात लावला नाही. त्याला."

वहिनी त्या दिवशी उशिरा घरी आली. जेवताना मधेच म्हणाली, "आमच्या एवढ्या मोठ्या कागदात कुणाला 'बरं झालं' म्हणायला जागाच नाहीये." आणि त्या वर्षीपासून अंदाजपत्रकाच्या शेवटी ती एक ओळ लिहू लागली: वर्गणी देणाऱ्यांचे आणि नेमून दिलेलं काम चोख करणाऱ्यांचे आभार. तिचे साहेब दर वेळी लाल पेन्सिलीनं ती ओळ खोडायचे. "बाई, खर्चाच्या कागदात आभाराचं खातं नसतं." वाईट नव्हते साहेब. नियमात बसेल तेवढंच त्यांना दिसायचं, इतकंच. वहिनी म्हणायची, "बरं." आणि पुढच्या वेळी परत लिहायची.

मग ते वर्ष आलं.

भट्ट्या वाढल्या होत्या, वर्गणी तेवढीच. चादरीवर भोक पडलं, आणि ते कशानं बुजवायचं ते साहेबांनी ठरवूनच आणलं होतं. तळघरातली सीलांची खोली बंद. काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं, स्वस्तात पडतं.

"साहेब, बाहेरच्याला दिलं तर बाहेरच्यावर नजर कोण ठेवणार?" वहिनी म्हणाली.

"ते मला कळतं. दुसरी जागा दाखवा, ती कापू."

वहिनीनं चादर घरी आणली. दादानं हातातलं काम बाजूला सारून टेबल मोकळं करून दिलं. तिघं वाकून बसलो. दादाला आकडे कळत नव्हते, पण बोट फिरवत फिरवत तो एका ठिकाणी थांबला. "हे काय गं? हे कापड दुपदरी दिसतंय."

ते होतं अंदाजपत्रक-समितीचं स्वतःचं खातं. सगळ्या देशांचे प्रतिनिधी अंदाजपत्रक मंजूर करायला सलग दोन आठवडे बसायचे. पहिल्या आठवड्यात बोलायचे, दुसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा बोलायचे. त्या दुसऱ्या आठवड्याचे दुभाषे, भाषांतरं, छपाई, सभागृह, आणि माझा ओव्हरटाइम, हे सगळं मिळून भोक बरोबर बुजत होतं.

वहिनीचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो पुन्हा पाडला. "वेड लागलं का बाई? ते आपले मालक. पाहुण्याला घरी बोलवायचं आणि म्हणायचं, एकच पोट भरेल एवढंच जेवा? त्यांच्या बैठकीला आपण हात लावायचा नाही. त्यांनी आपण होऊन विचारलं तर गोष्ट वेगळी. आणि ते काही विचारत नाहीत."

वहिनीला स्वतःच्या हातानं ते कलम लिहावं लागलं: सीलांची खोली बंद करण्यात यावी. लिहून झाल्यावर ती थेट तळघरात गेली. मावशीला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं तिला.

"तू लिहिलंस?" मावशीनं विचारलं.

"मीच."

मावशीनं भिंग पुसलं. "मग ठीक आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर इथं न बसताच लिहिलं असतं." आणि किटलीकडे बोट केलं. "घे. आजचा अजून गरम आहे."

त्या रात्री वहिनी जेवली नाही. दादानं तिचं ताट झाकून ठेवलं.

समितीच्या आधी प्रतिनिधी शंका विचारायला येतात. त्यांत एक होते, त्यांना सगळी इमारत 'मूठसाहेब' म्हणायची. त्यांच्या देशाची वर्गणी चांगली घसघशीत, आणि म्हणून प्रत्येक पैशाला त्यांचे चार प्रश्न. लोक म्हणायचे, हा माणूस हस्तांदोलन करतानासुद्धा बोटं मोजून घेतो. ते चादर काखेत घालून वहिनीच्या टेबलापाशी आले आणि सीलांच्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, "एवढ्याशा डब्या बघायला तीन माणसं कशाला?"

"कागदावर नको सांगायला," वहिनी म्हणाली. "चला, दाखवते."

मावशी त्यांना बघून उठलीसुद्धा नाही. "दुसऱ्या देशाचं तुम्हाला दाखवता येत नाही," म्हणाली. "तुमचंच आलंय आज. या." आणि आपलं भिंग त्यांच्या हातात दिलं. मूठसाहेब वाकले. फोटो, डबी, परत फोटो. बराच वेळ झाला.

"जुळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगा की. डोळा तुमचा आहे."

"जुळलं."

"बरं झालं," मावशी म्हणाली.

हे कुणाला, असं त्यांनीही विचारलं, आणि मावशीनं वहिनीला दिलं होतं तेच उत्तर त्यांना दिलं. तुमच्याकडे जो पहाऱ्याला असतो त्याला. मूठसाहेबांनी भिंग परत केलं. बोळात आल्यावर वहिनीला म्हणाले, "बाई, खरं सांगू का. मला सरकारकडून सूचना आलीय. या कलमावर तोंड उघडायचं नाही."

वहिनीला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. त्या सभागृहात मतदान होत नाही. अध्यक्षीणबाई कलम वाचतात, सभोवार बघतात. ज्याला बोलायचं असेल त्यानं आपल्या देशाच्या नावाची पाटी टेबलावर उभी करायची. एकही पाटी उभी नसली की हातोडा पडतो आणि कलम मंजूर. गप्प बसणं म्हणजेच हो.

समितीच्या दिवशी दुपारी सीलांचं कलम निघालं. मी काचेच्या खोलीत. खाली मंचावर अध्यक्षीणबाई, त्यांच्या बाजूला साहेब, साहेबांच्या मागच्या खुर्चीत वहिनी. तिच्यापुढेही माइक होता, पण इतक्या वर्षांत त्याचं बटण दाबायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. अध्यक्षीणबाईंनी कलम वाचलं. कुणी कान खाजवला, कुणी पाणी ओतलं. पाट्या सगळ्या आडव्या.

मूठसाहेब चादर उलगडत होते. त्यांना कशासाठी हवी होती कोण जाणे, पण नेहमीप्रमाणे टेबल पुरेना. पाण्याचा तांब्या सरकवला, पेला सरकवला, तरी कागद मावेना. मग त्यांनी समोरची पाटी उचलली आणि तांब्याला टेकवून उभी केली. जागा झाली. ते पुन्हा कागदात घुसले.

हातोडा वर गेला आणि तिथेच थांबला. "बोला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि मूठसाहेबांच्या देशाचं नाव घेतलं. त्यांनी पाटी उभी केली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. ते गप्प बसले असते तरच वाटलं असतं.

माझं बोट बटणावर गेलं. लाल दिवा लागला. मूठसाहेबांचं डोकं अजून चादरीत. शेजाऱ्यानं कोपर मारलं तेव्हा त्यांनी वर बघितलं. दिव्याकडे, मग पाटीकडे. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, त्यांचा हात पाटी आडवी करायला निघाला. चूक झाली, माफ करा, जागेसाठी ठेवली होती, एवढं म्हटलं की संपलं. हात पाटीपाशी पोचला, आणि पाटीला न लागता परत आला. माझ्या कानात त्यांचा श्वास आला, लांब. असा श्वास मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"अध्यक्षमहोदया," ते म्हणाले, "मला या कलमाला विरोध करायचा नाही. पाठिंबाही द्यायचा नाही. दोन्हींना मला परवानगी नाही." थोडा हशा पिकला. "पण आभार मानायला कुणाची परवानगी लागते असं मला वाटत नाही. परवा या सीलांच्या खोलीत मी आमच्याच देशातून आलेलं सील भिंगाखाली बघितलं. जुळलं. तिथल्या बाईंनी आमच्या एका पहारेकऱ्याला शाबासकी दिली. तो कोण, मला माहीत नाही. बाईंनी त्याला कधी बघितलेलंही नाही. आमच्या देशाच्या वतीनं मी त्या खोलीचे आभार मानतो. नोंद व्हावी."

मी त्यांचा माइक बंद केला.

मग एक पाटी उभी राहिली. मग शेजारची. त्या सभागृहाचा स्वभावच तो. मूठसाहेबांसारख्या चिक्कू माणसानं आभार मानले आणि आपण नाही मानले, तर उद्या आपल्या देशाचं कसं दिसेल? माझी बोटं बटणांवर नाचायला लागली. हा म्हणतोय, त्या खोलीचे शतशः आभार. तो म्हणतोय, आमच्याकडूनही. एका प्रतिनिधीला तर ती खोली कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नव्हतं, पण त्यानं सगळ्यांत लांब आभार मानले. सुरुवातीला रीत म्हणून बोलत होते. पण बोलता बोलता एकेकाचा आवाज खाली यायला लागला, स्वतःचाच पहारेकरी आठवावा तसा. ते मला कानात ऐकू येत होतं.

शेवटी अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला. "आता मी अहवालात लिहू काय?" म्हणाल्या. "सर्व देशांनी या खोलीचे मनःपूर्वक आभार मानले, सबब ती बंद करण्यात यावी?"

सगळे हसले. मग कलम वगळायचं ना, असं त्यांनी विचारलं; एकही पाटी उभी राहिली नाही, आणि हातोडा पडला.

साहेबांचा घाम मला वरून दिसत होता. खोली राहिली, पण भोकाचं काय? तेवढ्यात मूठसाहेबांची पाटी परत वर. या वेळी त्यांनी ती नीट दोन्ही हातांनी उभी केली.

"वर्गणी एका पैशानं वाढणार नाही, हे आहेच," ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या, हा आपला ओळखीचा माणूस परत आला म्हणून. "पण या चादरीवर आपल्याच समितीचा दुसरा आठवडा दिसतोय. सीलांवर बोलायला मला मनाई आहे. आपल्यावर बोलायला नाही. तो आठवडा काढला तर पुरतं का? सचिवालयानं सांगावं."

त्यांनी आपण होऊन विचारलं होतं. साहेबांनी कागद उलटे केले, सुलटे केले, आणि मागे वळून वहिनीला म्हणाले, "बाई, सांगा तुम्हीच."

मी वहिनीच्या माइकचं बटण दाबलं. वहिनीनं लाल दिव्याकडे बघितलं, मग वर काचेकडे. इतक्या लांबून तिला मी दिसलो असेन-नसेन.

"पुरतं," ती म्हणाली. "बरोबर पुरतं." आणि थोडं थांबून म्हणाली, "आभारी आहे."

तिथे बटण बंद करायला हवं होतं. मी जरा वेळ चालू ठेवलं.

संध्याकाळी टेबलावर भात होता, बटाट्याचं कालवण होतं. मी दादाला सगळं साग्रसंगीत सांगितलं, मधेमधे मूठसाहेबांचा आवाज काढून. ओव्हरटाइम गेल्याचं शेवटी सांगितलं. "तूच कापलंस बरं का," मी दादाला म्हटलं. "तुझ्याच बोटानं. दुपदरी आहे म्हणे!"

"मग चांगलं झालं," दादा म्हणाला. "आता त्या आठवड्यात माझी काजं करायला बस."

मग मी त्या हाताचं सांगितलं. पाटीपर्यंत गेलेल्या आणि परत आलेल्या. वहिनीचा घास हातात राहिला.

"म्हणजे पाटी चुकून उभी होती?"

"उभी चुकून होती. राहिली ती चुकून नव्हे."

वहिनीनं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाली, "भाऊजी, हे तुमच्या काचेच्या आतच राहू द्या. ते नोकरीत आहेत तोवर." मी राहू दिलं. आता मूठसाहेब निवृत्त होऊन आपल्या गावी नातवंडं खेळवताहेत, वहिनीनंही परवानगी दिलीय, म्हणून लिहिलं.

भिंगमावशीला दुसऱ्या दिवशी वहिनी सांगायला गेली तेव्हा मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळ्यांनी आभार मानले? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"मग आज डब्या जरा जपून उघडायला हव्यात," मावशी म्हणाली आणि भिंग डोळ्याला लावलं. वहिनी म्हणते, त्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि मावशी दिव्याला दोष देत होती.

अहवाल छपाईला जाण्याआधी साहेबांकडे आला. आभारांचा अख्खा परिच्छेद, प्रत्येक देशाच्या नावासकट. साहेब लाल पेन्सिल घेऊन बसले होते. परिच्छेदाशी आले, थांबले, आणि पेन्सिल कानामागे खोचून पान उलटलं. त्या परिच्छेदाच्या शेवटी वहिनीची ती दर वेळची आभाराची ओळ होती. ती त्यांना दिसली नाही, असं ते आजही म्हणतात.